झाकणाखालचं लोणी

२५ ऑगस्ट १९८४, शनिवार

माझ्या इंजिनाला हळद लावली!

उद्या पोळा. आज लोक बैलांचे खांदे शेकतात — लोणी गरम करायचं, त्यात हळद कालवायची, पळसाचं पान बुडवून बैलाच्या खांद्यावर फिरवायचं. आमच्या घरी बैल नाही. इंजिन आहे, पाणी उपसायचं, छोटं, माझ्यासारखंच जुनं. तर आमच्याकडे कामाला आलेल्या या झाडू महाशयांनी इंजिनाचेच खांदे शेकले. वर हात जोडून आवतण दिलं — "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." माझी पोरगी कांता बाजूला उभी होती. तोंडाला पदर लावून हसत होती. असं हसताना तिला मी तिची आई गेल्यापासून पाहिलं नव्हतं.

"ते बी तुमच्यासाठीच राबते ना, भाऊ," तो मला म्हणाला.

लोणी ओघळत ओघळत इंजिन चालू करायची दोरी असते त्या झाकणावर आलं आणि झाकणाच्या जाळीतून आत गेलं. मी खाटेवरून पाहिलं. तिथे नको रे, एवढं म्हणायला काय लागत होतं? नाही म्हटलं. मजा वाटत होती.

२६ ऑगस्ट

पोळा. इंजिनासमोर पुरणपोळी ठेवली. इंजिन जेवलं नाही. झाडूनं खाल्ली.

२७ ऑगस्ट

हा झाडू कोण, ते लिहून ठेवतो. पुलाच्या कामावर पंप चालवायचो तेव्हापासून वही लिहायची सवय आहे. पूल झाला, काम सुटलं, ठेकेदाराचं भंगारातलं इंजिन मी आणलं, आणि वही तेवढी सुटली नाही. बोलायला तसंही कोण आहे?

शेजारची केसरबाई याची लांबची मावशी. तिनंच हे स्थळ आणलं, कांतासाठी. मुलगा मुलचेऱ्याकडचा, जंगलाला लागून गाव. घरी म्हातारी आई, थोरला भाऊ पत्रू, थोडी बांधी म्हणजे धानाची शेती. पत्रूनंतरची तीन मुलं गेली म्हणून हा झाल्यावर आईनं उकिरड्यावर ठेवून झाडूनं लोटत घरात आणला आणि नाव ठेवलं झाडू. यमानं कचरा समजून सोडून द्यावा म्हणून. यमानं मानलं. मी अजून मानलेलं नाही.

मी केसरबाईला म्हटलं, रोवणं झालंय, कापणीला वेळ आहे, दसऱ्यापर्यंत तुझ्या ओसरीत राहू दे, माझ्याकडे काम करू दे, बघतो. तिला वाटलं मी मुलगा पारखतोय. मी दिवस ढकलतोय.

३० ऑगस्ट

खरं काय ते इथे तरी लिहावं.

माझ्या उजव्या हाताला अंगठा आणि करंगळी आहे. मधली तीन बोटं चार वर्षांपूर्वी याच इंजिनानं नेली. दोरीची मूठ तुटली होती, म्हणून दोरी हाताला गुंडाळून ओढली. इंजिनानं उलटा झटका दिला, दोरी आत गेली, बोटं पण. त्याच वर्षी माझी बायको रुखमा गेली. तेव्हापासून दोरी कांता ओढते. पाना कांता धरते. माझ्या सदऱ्याच्या गुंड्यासुद्धा तीच लावते. लोक म्हणतात गुणवंत मिस्त्री हुशार. मिस्त्रीचं डोकं माझं, हात कांताचे.

आणि केसरबाई म्हणते, बावीस वर्षांची झाली, आता उजवा तिला.

उजवा! म्हणजे माझे हात तोडून मुलचेऱ्याला पाठवा. कापणी झाली की ती जाईल आणि मी इथे दाराला टेकून बसेन, कोणी गुंड्या लावायला येतं का बघत. मला नाही जमायचं. मी वाईट माणूस असेन, पण मला नाही जमायचं.

२ सप्टेंबर, रविवार

इंजिन लागेना. दोरी ओढली की रिकामीच येते, झर्रकन, विहिरीत बादली नसलेला दोर ओढावा तशी. चाक हलतच नाही.

मला कळलं. दोरीच्या झाकणाखाली दोन खटके असतात, नखाएवढे. दोरी ओढली की ते बाहेर फाकतात आणि चाकाच्या वाटीला पकडतात. तिथे लोणी-हळद गेली, त्यावर धूळ बसली, खटके चिकटले. चार स्क्रू काढून पेट्रोलनं धुतलं आणि कोरडं पुसलं की झालं. अर्ध्या तासाचं काम.

मी डोकं खाजवलं आणि म्हणालो, "मोठा बिघाड दिसते."

झाडू म्हणाला, "मी करून पायतो, भाऊ."

मग मी केसरबाईच्या देखत सांगून टाकलं — या दोरीनं, याच झाकणानं, दसऱ्याच्या आत इंजिन चालू करून दाखव. कांता तुझी. नाही झालं तर तुझा रस्ता मोकळा. कांतानं माझ्याकडे पाहिलं. झाडूनं पण पाहिलं, पण तो खूश होता. गाढव.

५ सप्टेंबर

झाकण उघडलं त्यानं. आतली कमान, दोरी परत ओढणारी स्प्रिंग, सुटून तोंडावर येणार होती, पण घाबरून दोन्ही हातांनी दाबून धरली आणि तासभर तसाच बसला, कांता तार घेऊन येईपर्यंत. मी सुपारी चघळत होतो.

९ सप्टेंबर

आज पोट धरून हसलो, एकटाच. झाडूनं खटक्यांना तेल पाजलं! मोहाच्या बियांचं तेल, बैलबंडीच्या आसाला घालतात ते. बंडी करकरली की वंगण घालायचं, एवढं या माणसाला माहीत. दुखतंय तिथे तेल, चिकटलंय तिथे तेल. आता आत लोणी, हळद, धूळ आणि तेल. अनारसे तळायचे तेवढे राहिलेत.

"बरोबर करून राह्यलो ना, भाऊ?" त्यानं विचारलं.

"घाल अजून थोडं," मी म्हणालो.

१० सप्टेंबर

अजून थोडं घातलं.

१४ सप्टेंबर

झाडू सकाळपासून दोरी ओढतोय. शंभर वेळा, दोनशे वेळा. मी मोजायचा कंटाळा केला. तळहाताला फोड आले, फुटले, त्यावर पुन्हा आले. तक्रार नाही. हाच त्याचा राग येतो. शिव्या दिल्या असत्या, इंजिनाला लाथ घातली असती, तर मला बरं वाटलं असतं. हा थांबतो, पाणी पितो, इंजिनाला हात लावून काहीतरी पुटपुटतो आणि पुन्हा ओढतो.

दुपारी कांतानं त्याच्या हाताला चिंधी बांधली. मग माझ्याकडे आली.

"बाबा, तुमाले मालूम हाये काय झालं ते."

"मालूम असतं तर सांगतलं नसतं काय?"

"नाई," ती म्हणाली. "नसतं सांगतलं."

आणि भाकरी थापायला गेली. मला राग यायला हवा होता. भीती वाटली.

१७ सप्टेंबर

आज त्यानं चुकून मला मामाजी म्हटलं. म्हणजे सासरेबुवा! मी म्हटलं, "इंजिन लागलं नाई अजून." तो पुन्हा दोरी ओढायला लागला. जेवला पण कमी.

१९ सप्टेंबर

दोरीची लाकडी मूठ फुटली. त्यानं बांबूचा तुकडा बांधला. चांगला बांधला, खोटं कशाला लिहू. गाठ पक्की आहे, बांबू गुळगुळीत आहे.

२१ सप्टेंबर

आठ दिवस पाऊस नाही. धान निसवतंय. आता एक पाणी मिळालं तर दाणा भरतो, नाही तर नुसता भुसा. केसरबाईची बांधी उंचावर, बोडी म्हणजे तळं खाली. बोडीत कमळं फुलण्याइतकं पाणी आहे, पण ते वर चढवणार कोण? माझं इंजिन.

ती आली. खाटेजवळ खाली बसली. "गुणवंतभाऊ, झाकन काहाडून चाकाले दोरी गुंडाळून लावता येते म्हनते कांता. एक दिवस लावून द्या ना. धान मरून राह्यलं माहं."

येतं लावता. आम्ही पुलावर शंभर वेळा लावलंय. मी म्हणालो, जुनं इंजिन आहे, चाक तुटेल. ती विधवा बाई, एक बांधी, तेवढंच तिचं. मी तिच्या डोळ्यांत बघून सांगितलं, चाक तुटेल.

पण लावून दिलं असतं तर पोरगा शहाणा झाला असता. झाकण काढून इंजिन लागतं, म्हणजे रोग झाकणातच आहे, हे बैलालाही कळलं असतं.

२२ सप्टेंबर

कळलं त्याला. कोणी सांगितलं नाही, आपलं आपणच. संध्याकाळी ओसरीत बसून कांताला सांगत होता, मी ऐकलं — "बंडीचा आस फिरला पायजे म्हनून वंगन. ह्या खटक्याईनं त धरलं पायजे. धरनाऱ्याले तेल कायले?"

चाळीस वर्षं मी इंजिनात काढली. इतकं सरळ मला पण कोणी सांगितलं नव्हतं. झोपेपर्यंत तेच वाक्य डोक्यात.

२३ सप्टेंबर, रविवार

सकाळी त्यानं झाकण उघडून घासलेटनं धुतलं, राखेनं घासलं, पुन्हा धुतलं, उन्हात ठेवलं. खटके सुईसारखे. हातानं फिरवून पाहिले — टक्, टक्. दोघं एकमेकांकडे बघून हसले. टाकीत पेट्रोल नव्हतं, ते आणायला तो चामोर्शीला गेला. कांता केसरबाईच्या बांधीत निंदायला गेली.

दुपारी घरात मी एकटा. झाकण उन्हात.

शिंक्यावरून लोण्याचं मडकं काढलं. डाव्या हातात झाकण धरलं, उजव्यानं लोणी घेतलं. दोन्ही खटक्यांच्या मुळाशी भरलं, वरून पुसून घेतलं, दिसू नये म्हणून. पाच मिनिटं लागली. कोणी पाहिलं नाही. कावळा होता एक.

वाईट वाटलं का? नाही. अजिबात नाही. उलट इतक्या वर्षांनी उजव्या हातानं बारीक काम केलं आणि नीट झालं, याचं बरं वाटलं. हे वाचून मलाच ओकारी येईल एखाद्या दिवशी. आज नाही येत.

त्यानं आल्या आल्या झाकण बसवलं. म्हणाला, उद्या सकाळी, केसरमावशीच्या देखत.

२४ सप्टेंबर, सोमवार

लिहायला जमत नाही, पण लिहितो.

बोडीच्या पाळीवर इंजिन नेलं. केसरबाई, कांता, तो, मी. पहिल्या ओढीला रिकामी दोरी. दुसऱ्याला रिकामी. तिसऱ्याला खटक्यानं अर्ध्यात पकडलं, इंजिन एकदा फुसकलं आणि सुटलं. लोण्यानं असंच होतं — धरतं, सुटतं, उशिरा धरतं. मला वाटलं होतं मुळीच धरणार नाही. थोडंसं धरेल हे मी धरलंच नव्हतं.

फुसकलं म्हणून त्याला हुरूप आला. जोरात ओढायला लागला. घामानं बांबू हातातून निसटायला लागला. दोन वेळा निसटला. मग त्यानं बांबू सोडला आणि दोरी हाताला गुंडाळली. एक वेढा. दोन वेढे.

मी त्याच्यापासून चार पावलांवर होतो. माझा उजवा हात माझ्या मांडीवर होता. मी त्या हाताकडे पाहिलं आणि त्याच्या हाताकडे पाहिलं. "सोड" एवढा एकच शब्द. तोंडात आला होता, जिभेवर होता, त्याची चव आठवते. कांता पाण्याच्या पाइपाजवळ वाकली होती, तिला दिसत नव्हतं. फक्त मला दिसत होतं.

मी तो शब्द गिळला.

त्यानं ओढलं. खटका अर्ध्यात लागला, इंजिनानं उलटा झटका दिला आणि दोरी आत गेली.

२५ सप्टेंबर

चंद्रपूरच्या मोठ्या दवाखान्यात नेलं, लाकडाच्या ट्रकमधून. दोन बोटं काढली. तिसरं राहील म्हणतात, पण वाकणार नाही. कांता तिथेच आहे. मी परत आलो. सदऱ्याच्या गुंड्या उघड्याच होत्या, ट्रकवाल्यानं लावून दिल्या.

गावात एकजण म्हणाला, सासऱ्यासारखाच जावई भेटला. लोक हसले. मी पण हसलो.

२८ सप्टेंबर

दवाखान्यात गेलो होतो. झाडू पडून होता. मला बघून उठायला लागला. म्हणाला, "चूक माहीच हाये, भाऊ. तुमचा हात रोज पायत होतो, तरी बी दोरी गुंडाळली. इंजिन तुमचं काही बिघडलं नाई ना?"

मी म्हणालो, नाही बिघडलं.

कांता खिडकीपाशी उभी होती. तिनं विचारलं, घरी स्वयंपाक कोण करतं? केसरबाई, मी म्हणालो. जिचं धान मी वाळवलं ती. बसमध्ये बसल्यावर मला रडू आलं. कंडक्टरनं तिकिटाला दोनदा आवाज दिला.

३० सप्टेंबर, रविवार

कांता घरी आली. त्याचा भाऊ पत्रू आता तिथे थांबलाय.

तिनं आधी घर झाडलं. मग तूप कढवायला शिंक्यावरून लोण्याचं मडकं काढलं. बराच वेळ मडक्यात बघत राहिली. मी खाटेवर होतो. मग ती अंगणात गेली, इंजिनाचे चार स्क्रू काढले, झाकण उलटं केलं, बोट घातलं आणि बोट नाकाशी धरलं. जेवताना तिनं भाकरीशेजारी ते मडकं आणून ठेवलं. लोण्यात अंगठ्याची आणि करंगळीची खूण, मध्ये काही नाही. असा हात घरात एकच.

"पोळ्याचं लोनी पिवळं होतं, बाबा," ती म्हणाली. "हे पांढरं हाये. यात हळद नाई."

मी भाकरी मोडत राहिलो. ती शिव्या देईल असं वाटलं. मडकं फोडेल असं वाटलं. तिनं मला भाजी वाढली.

नंतर तिनं खटके पेट्रोलनं धुतले, पुसले, झाकण बसवलं. नवीन मूठ बांधली. एक ओढ. इंजिन लागलं. केसरबाईच्या बांधीत सूर्य मावळेपर्यंत पाणी चढत होतं. केसरबाई म्हणते अर्धं धान वाचेल.

१ ऑक्टोबर

बोलत नाही. गुंड्या लावते, बोलत नाही.

२ ऑक्टोबर

आज मीच बोललो. म्हटलं, तू गेली असतीस म्हणून. मी एकटा पडलो असतो म्हणून. म्हातारपणी माणूस कसा होतो ते तुला काय कळणार. बरंच बोललो. ती तांदूळ निवडत होती. शेवटी म्हणाली, "झालं?"

४ ऑक्टोबर

दसरा. मुदत संपली. अट माझी होती, मीच जिंकलो. आपट्याचं पान द्यायला कोणी आलं नाही.

७ ऑक्टोबर, रविवार

पत्रू बंडी घेऊन आला, झाडूची पेटी न्यायला. मोठी पेटी, लोखंडी. मी म्हटलं, महिनाभरासाठी एवढी पेटी कशाला आणली होती त्यानं?

"महिनाभरासाठी नोती, भाऊ," पत्रू म्हणाला. "कांताबाई पयलेच म्हनल्या होत्या, बाबाले सोडून मी येत नाई. मंग झाडूनं बांधीतला आपला वाटा मले लिहून देल्ला. तुमच्या घरी रावाले आला होता तो, जलमभर. आधी इंजिन लावतो म्हने, मंग सांगतो. नाई त गुणवंतभाऊ म्हनन, पोटासाठी आला."

मी कांताकडे वळलो. ती खाटेजवळ नव्हती, चुलीजवळ नव्हती. केसरबाईला घेऊन ती आधीच बंडीत बसली होती. तिचं आणि झाडूचं लग्न मार्कंड्याच्या देवळात लावणार आहेत, पत्रूनं सांगितलं. तिनं पत्रूला हाक मारली, म्हणाली, चला, उशीर होते.